‘मिलिटरी डिस्पोजल’ची दुकानं गेली, त्यांच्यासोबत काय काय गेलं?

मंडळी, रस्ते, पाणी आणि पालिका यांवर रोजच लिहून होतं. आज विषय जुन्या बाजाराचा आहे. पण शेवटी गाडी पालिकेवरच येणार, हे आधीच सांगून ठेवतो. पोस्ट मोठी आहे. विरार फास्टमध्ये उभं राहून वाचलीत तर बोरिवलीपर्यंत संपेल.

सुरुवात एका शब्दापासून करू. आज ‘डिस्पोजेबल’ म्हटलं की काय आठवतं? चहाचे कागदी कप, बारशातल्या प्लॅस्टिकच्या वाट्या, एकदा वापरून फेकायच्या वस्तू. आपल्या वडिलांच्या पिढीत मात्र याच्या अगदी उलट होतं. ‘डिस्पोजलचा माल आहे’ असं कुणी म्हटलं की समोरचा वस्तू हातात घेऊन वजन बघायचा आणि मान डोलवायचा. डिस्पोजलचं म्हणजे मिलिटरीचं, आणि मिलिटरीचं म्हणजे वीस वर्षं मरण नाही. इंग्रजीतून आलेला शब्द एकच, पण चाळीस वर्षांत त्याचा अर्थ टिकाऊवरून टाकाऊवर आला.

ज्यांनी ही दुकानं पाहिली नाहीत त्यांच्यासाठी थोडं वर्णन. अरुंद गाळा, बाहेर दोरीला लटकवलेले हिरवे पिट्टू आणि हॅव्हरसॅक, दारातच नाल ठोकलेल्या बुटांचा ढीग. आत शिरलं की कॅनव्हास, डांबरगोळ्या आणि बंदुकीच्या तेलाचा मिश्र वास. फळ्यांवर घड्या घातलेली राखाडी-काळी कांबळी, लोकरी जर्स्या, डांगऱ्या, गुडघ्याखाली येणारे ग्रेटकोट, मच्छरदाण्या. जाड कापडाच्या पिशवीतली पाण्याची बाटली, ॲल्युमिनियमचे मेस टिन, घडीचं फावडं, दुर्बिणीचं रिकामं चामडी घर. कोपऱ्यात काळ्या पत्र्याच्या ट्रंका, त्यांवर पांढऱ्या रंगात कुणा हवालदाराचा नंबर आणि नाव अजून तसंच. इंग्रजांच्या काळातला माल असेल तर त्यावर सरकारी मालकीची खूण म्हणून रुंद बाणाचा ठसा. जाणकार गिऱ्हाईक आधी तो बाण शोधायचं.

भाव ठरलेला नसायचा. दुकानदार बहुतेक वेळा वस्तूपेक्षा तिच्या गोष्टीत जास्त रमलेला. ‘साहेब, हा कोट बर्फातून आलाय’ असं तो सांगायचा. खरं किती, खोटं किती, देव जाणे. पण कोट खरा असायचा.

वसई-विरारला छावणी नव्हती, त्यामुळे असा खास बाजार इथे वाढला नाही. ही दुकानं असायची ती लष्कराच्या सावलीत. पुण्यात कॅम्प आणि खडकी, नाशिकजवळ देवळाली, नगरला भिंगार, नागपूरजवळ कामठी. पुण्यात मंगळवार पेठेतल्या कुंभारवेशीजवळ बुधवारी आणि रविवारी भरणाऱ्या जुन्या बाजारात हा माल रस्त्यावर मांडलेला असायचा. आपल्याला जवळचं म्हणजे मुंबई. चर्नी रोडला किंवा ग्रँट रोडला उतरायचं आणि चालत मटण स्ट्रीटचा चोरबाजार गाठायचा. कॉलेजात असताना, नव्वदच्या दशकाच्या शेवटी, तुंगारेश्वर आणि टकमकच्या भटकंतीसाठी मी घेतलेला पिट्टू तिथलाच. तो माझ्या पाठीवर बारा वर्षं होता. नंतर घेतलेल्या तीन झगमगीत सॅकच्या चेन तेवढ्याच काळात गेल्या.

आता हा माल आला कुठून? याचं उत्तर दुसऱ्या महायुद्धात आहे. युद्ध संपलं तेव्हा भारतीय लष्करात सुमारे २५ लाख माणसं होती. एवढ्या माणसांसाठी बूट, कांबळी, तंबू, ट्रक, वायरलेस, औषधं, दोर, ताडपत्र्या, सगळं शिवलेलं, ओतलेलं, साठवलेलं होतं. ब्रह्मदेशाच्या आघाडीसाठी अमेरिकेनेही आपल्या देशात प्रचंड सामान आणून टाकलं होतं. १९४५ च्या ऑगस्टमध्ये जपानने हात टेकले आणि हे सगळं रातोरात जास्तीचं ठरलं. परत न्यायचं तर जहाजाचं भाडं वस्तूपेक्षा महाग. १६ मे १९४६ रोजी अमेरिका आणि भारत सरकारमध्ये युद्धकाळातल्या देण्याघेण्याचा करार झाला, त्यात या उरलेल्या मालाचाही हिशेब मिटवला गेला. मग सरकारी ‘डिस्पोजल’ खात्यामार्फत माल लिलावात निघाला. खात्याचं नाव मालाला चिकटलं ते कायमचं.

या उरलेल्या मालावर देशाचं किती काय उभं राहिलं, हे पाहिलं की थक्क व्हायला होतं. युद्धातली डाकोटा विमानं स्वस्तात मिळाली, ती बंगळूरच्या हिंदुस्थान एअरक्राफ्टमध्ये प्रवासी वाहतुकीसाठी बदलून घेतली गेली आणि स्वातंत्र्याच्या आगेमागे कितीतरी छोट्या विमान कंपन्या सुरू झाल्या. इंग्रजांनी जाताना कानपूरला लिबरेटर बॉम्बर निकामी करून टाकून दिली होती, पुन्हा कुणी उडवू नयेत म्हणून. आपल्या कारागिरांनी एकाचे सुटे भाग दुसऱ्याला लावून त्यातली चाळीसच्या आसपास विमानं उभी केली. ती भारतीय हवाई दलात १९६८ च्या अखेरपर्यंत उडली. भंगारातून बॉम्बर! आपल्या गॅरेजवाल्यांना ‘जुगाडू’ म्हणून हसणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

जीपचंही तसंच. युद्धातल्या जीप लोकांनी रस्त्यावर पाहिल्या होत्या, त्यांची ताकद माहीत होती. आपल्या मुंबईत महिंद्रा कंपनीने १९४७ पासून विलीज जीप आणून जुळवायला सुरुवात केली, तेव्हा गिऱ्हाइकाला जीप म्हणजे काय हे समजवावं लागलं नाही. पुढे ‘आर्मी डिस्पोजल बुलेट’ हा तर गॅरेजवाल्यांच्या बोलण्यातला मानाचा शब्द झाला.

पण माझ्या मते या सगळ्यातली सर्वात मोठी डिस्पोजलची वस्तू आपल्यापासून फार लांब नाही. वसई रोडवरून दिवा गाडी पकडा आणि पुढे कल्याण गाठा. युद्धात कल्याणजवळ सैनिकांसाठी मोठी छावणी उभारली होती. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना सरकारने त्याच रिकाम्या बराकींत उतरवलं, लाखाच्या घरात माणसं. एका लांबलचक बराकीत गोणपाटाचे पडदे लावून घरं पाडली गेली. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारींनी त्या वस्तीला उल्हासनगर असं नाव दिलं. आजही तिथला पत्ता ‘कॅम्प नंबर तीन’, ‘कॅम्प नंबर पाच’ असाच सांगतात. कोल्हापूरजवळ वळिवड्याला युद्धकाळात पोलंडच्या निर्वासितांसाठी छावणी होती. तिथेही नंतर सिंधी कुटुंबं आली आणि आजचं गांधीनगर उभं राहिलं, जिथे आपले व्यापारी कपडा घ्यायला जातात. म्हणजे कांबळं आणि बूटच नाही, अख्खी गावं डिस्पोजलमध्ये मिळाली आणि माणसांनी ती जिवंत केली.

वसईकरांना यात आणखी एक जुना धागा दिसेल. मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसईचा किल्ला घेतला आणि इथल्या चर्चमधल्या पोर्तुगीज घंटा देशावर गेल्या. नाशिकच्या नारोशंकर मंदिरात, भीमाशंकरला, वाईजवळ मेणवलीला त्या आजही आहेत. याला डिस्पोजल म्हणता येणार नाही. तो जिंकणाऱ्याने नेलेला ऐवज होता आणि ज्यांच्या घंटा गेल्या त्यांच्यासाठी ते दुःखच होतं. पण युद्धातून हाती आलेली वस्तू शांततेच्या कामाला कशी लागते, हे पाहायचं असेल तर त्या घंटांचा आवाज ऐकावा.

आता सामान्य माणसाला या दुकानांचा काय उपयोग होता ते बघू. थंडीत पहाटे कामावर निघणाऱ्या दूधवाल्याला, रात्रपाळीच्या वॉचमनला, ट्रकच्या क्लीनरला नवा लोकरी कोट परवडणारा नव्हता. डिस्पोजलचा परवडायचा. एनसीसीच्या गरीब पोराला बूट तिथे मिळायचे. गॅरेजवाल्याला पाने आणि डांगरी, मांडववाल्याला ताडपत्री आणि दोर. रेडिओच्या नादी लागलेल्या मुलांना युद्धातल्या वायरलेस सेटचे सुटे भाग म्हणजे खजिना. हौशी रेडिओवाल्यांची आपल्याकडची पहिली पिढी बऱ्याच अंशी या जुन्या सेटवरच शिकली.

आणि सह्याद्रीतले भटके. मुंबईतली ‘गिरिविहार’सारखी संस्था १९५४ ची. त्या काळात डोंगरात जायचं सामान दुकानात मिळतच नव्हतं. मिलिटरीचा पिट्टू, मिलिटरीची बाटली, पायात कॅनव्हासचे हंटर शूज आणि रात्री पांघरायला ते टोचणारं कांबळं. महाराष्ट्रातलं गिर्यारोहण या सामानावर वाढलं असं म्हटलं तर फारसं चुकणार नाही.

मग ही दुकानं गेली कशी? कुणी एका दिवसात बंद केली नाहीत. कारणं चार-पाच आहेत.

पहिलं साधं कारण, युद्धाचा साठा संपला. पुढे जो माल यायचा तो आपल्याच लष्कराने ‘कंडम’ ठरवलेला. हा ‘कंडम’ शब्द आपण जुन्या स्कूटरपासून पुढाऱ्यापर्यंत सगळ्यांना लावतो, तो मुळात सरकारी भांडारातला. वस्तू वापरायोग्य नाही असं अधिकाऱ्यांच्या मंडळाने लिहून दिलं की ती कंडम, मग तिचा लिलाव. ठेकेदार ढिगाने घ्यायचा, माल निवडायचा, चांगला दुकानांत जायचा, उरलेला भंगारात.

दुसरं कारण सुरक्षेचं, आणि ते खरं आहे. सैनिकाचा समज व्हावा म्हणून सैनिकासारखा पोशाख घालणं हा गुन्हा जुन्या दंडविधानात कलम १४० खाली होता, नव्या न्याय संहितेतही तो आहे. जानेवारी २०१६ मध्ये पठाणकोटच्या हवाई तळावर हल्ला झाला, हल्लेखोर लष्करी वेशात होते. त्यानंतर लष्कराने लोकांना असे कपडे घालू नका आणि दुकानदारांना विकू नका असं आवाहन केलं. १५ जानेवारी २०२२ च्या सेनादिनाला नवा लढाऊ गणवेश आला, त्याच्या नक्षीची लष्कराने स्वतःच्या नावावर नोंदणीही करून घेतली. यात तक्रार करण्यासारखं काही नाही. गणवेश विकायची वस्तू नाहीच.

तिसरं कारण लिलावाची पद्धत. पूर्वी मैदानात माल मांडून, हातोडा आपटून लिलाव व्हायचा. आता ‘एमएसटीसी’ या सरकारी कंपनीच्या संकेतस्थळावर ई-लिलाव होतात. आधी नोंदणी, अनामत रक्कम, जीएसटी क्रमांक, मग मोठा लॉट एकगठ्ठा उचलायचा. जुन्या लिलावात चार ठेकेदार आपसात ठरवून बोली दाबायचे, अशी ओरड असायची. त्या मानाने नवी पद्धत स्वच्छ आहे. पण तिच्यात छोटा दुकानदार बसत नाही. त्याला पन्नास कांबळी हवी असतात, पाच टन कापड नको असतं. सरकारचं खरेदी आणि विल्हेवाटीचं जुनं महासंचालनालयही ३१ ऑक्टोबर २०१७ ला बंद झालं. म्हणजे ज्या ‘डिस्पोजल’ शब्दाने ही गोष्ट सुरू झाली, ती पाटीही उतरली.

चौथं कारण आपण स्वतः. हलकं, रंगीत, स्वस्त सामान आलं. नायलॉनची सॅक, फोमचे बूट, चायनीज टॉर्च. जड कॅनव्हास कोण वाहणार? आणि पाचवं, मुंबईतल्या जागेचे भाव. जुन्या इमारती पाडून टॉवर येतात, त्यात ढीग लावून बसणाऱ्या दुकानाला गाळा मिळत नाही.

आज नालासोपारा किंवा विरार स्टेशनबाहेरच्या हातगाडीवर ‘आर्मी प्रिंट’च्या पँट लटकलेल्या दिसतात. लष्कराने त्या कधी पाहिलेल्याही नसतात. पूर्वी वस्तू मिलिटरीची असायची आणि वापर साधा. आता वस्तू साधी आणि दिखावा मिलिटरीचा.

इथे एक गोष्ट स्पष्ट करतो. जुनं ते सगळं सोनं, असं मला म्हणायचं नाही. हा माल युद्धाचा होता. त्या कोटांतले काही कोट ज्यांचे, ते घरी परतले नव्हते. आणि ‘डिस्पोजल’ची एक काळी बाजू आजही आहे. २० नोव्हेंबर २०१८ रोजी वर्धा जिल्ह्यात पुलगावच्या दारूगोळा भांडाराच्या मैदानावर जुना दारूगोळा नष्ट करण्याच्या कामात स्फोट झाला. सहा जण गेले, त्यात कंत्राटी मजूर होते. नगरजवळ के. के. रेंजच्या भागात न फुटलेले गोळे भंगारासाठी उचलताना गावकऱ्यांचे जीव गेले आहेत. ३०० रुपयांच्या धातूसाठी माणूस जिवंत बॉम्बला हात लावतो, तेव्हा प्रश्न लष्करी मालाचा राहत नाही, पोटाचा होतो. त्यामुळे शस्त्र, दारूगोळा, गणवेश यांवर सरकारचा कडक ताबा हवाच.

पण कांबळं, दोर, ताडपत्री, ट्रंक, शिडी, घडीची खाट, पाण्याची टाकी? यांत कसली गुप्तता?

माझा मुद्दा इथून सुरू होतो. ही दुकानं म्हणजे नुसती आठवण नव्हती, ती एक व्यवस्था होती. लोकांच्या कराच्या पैशातून सरकारने चांगल्यातली चांगली वस्तू बनवून घेतली, वापरली, आणि गरज संपल्यावर ती कमी किमतीत लोकांच्याच घरी आली. मधे दुरुस्त करणारा शिंपी, चांभार, लोहार यांनाही काम मिळालं. आता ती साखळी तुटली. सरकारी वस्तू एकतर कोपऱ्यात सडते, नाहीतर वजनावर भंगारात जाते. कपाट ‘कपाट’ म्हणून विकलं जात नाही, लोखंड म्हणून विकलं जातं.

विमानवाहू ‘विक्रांत’चं काय झालं आठवा. १९७१ च्या युद्धातली ही नौका १९९७ मध्ये निवृत्त झाली, बरीच वर्षं मुंबईत संग्रहालय म्हणून राहिली, शेवटी लिलावात सुमारे ६० कोटींना गेली आणि २०१४ मध्ये दारूखान्यात तोडली गेली. तिच्या पोलादाचा थोडा भाग वापरून २०१६ मध्ये मोटारसायकल आली, लोकांनी अभिमानाने घेतली. भावना ठीक आहे. पण एवढ्या मोठ्या वस्तूचं आपल्याला शेवटी वजनच कळलं.

आता आपल्या गावाकडे या. २०११ च्या जनगणनेत वसई-विरार पालिका क्षेत्रात १२ लाखांवर माणसं होती, आज त्याहून कितीतरी जास्त आहेत. दर पावसाळ्यात नालासोपारा आणि वसईचा सखल भाग पाण्याखाली जातो. जुलै २०१८ मध्ये रुळांवर पाणी येऊन लोकल ठप्प झाल्या, मिठागरात माणसं अडकली, सोसायट्यांच्या तळमजल्यांत दिवसेंदिवस वीज नव्हती. अशा वेळी चाळीत आणि सोसायटीत काय लागतं? मजबूत दोर, ताडपत्री, कोरडी कांबळी, पाण्याचे कॅन, पत्र्याची बंद होणारी पेटी. नेमका डिस्पोजलच्या दुकानातला माल. तो ऑनलाइन मागवला तर पाणी ओसरल्यावर येतो.

दुसरीकडे आपल्याच सरकारी आवारांत फेरी मारा. मोडके बाक, गंजलेली कपाटं, शिड्या, बंद पडलेल्या गाड्या. पोलीस ठाण्यांबाहेर जप्त वाहनांवर वेली चढल्यात. ही जागा लोकांची आणि वस्तूही लोकांच्या पैशाची.

म्हणून तीन साध्या मागण्या आहेत. एक, पालिकेने वर्षातून एकदा, पावसाळ्याच्या आधी, कंडम पण वापरण्याजोग्या वस्तूंची छोट्या लॉटमध्ये खुली विक्री ठेवावी. ठरलेली किंमत, पावती, एका माणसाला ठरावीक नग. दोन, शाळा, मंडळं, बचत गट आणि गृहनिर्माण संस्था यांना त्यात पहिला हक्क. तीन, कुठली वस्तू कधी कंडम झाली आणि कितीला गेली, याची यादी प्रभाग कार्यालयाबाहेर लावावी. यासाठी नवा निधी लागत नाही, उलट चार पैसे येतील. आपल्या नगरसेवकाला, अधिकाऱ्याला भेटाल तेव्हा हा विषय काढा. मीही पाठपुरावा करणार आहे आणि काय उत्तर मिळतं ते इथेच लिहीन.

आणि हो, तुमच्या माळ्यावर अशी एखादी जुनी ट्रंक, कांबळं किंवा बाटली असेल तर फेकू नका. फोटो टाका, कुणाची होती, कुठून घेतली, काय वापर झाला ते चार ओळींत लिहा. घरातल्या आजी-आजोबांना विचारलंत तर आणखी बरं. वसई-विरारच्या घराघरांत हा माल कसा पोचला, याची नोंद कुठल्याही सरकारी दप्तरात नाही. ती आपणच करायला हवी.